मागे ओतलेलं पाणी

आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता. 'या घरात फक्त इंग्लिश बोलावे.' खाली नवऱ्याची सही. घरात माणसं तीन, त्यातलं एक चार वर्षांचं, आणि तरी सही! पुण्याचा माणूस, अमेरिकेत आला म्हणून पाटी लावायची सवय थोडीच सुटते? कागद मराठीत लिहिलेला होता, हे मात्र आम्हा दोघांच्याही कितीतरी दिवस लक्षात आलं नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. डेट्रॉइटला लागून असलेल्या ट्रॉयमध्ये आम्ही राहत होतो. नवरा मोटारींच्या कंपनीत ब्रेकची डिझाइनं करायचा, मी घरात. मुलगी तिथंच जन्मलेली. ती उशिरा बोलायला लागली आणि लागली तेव्हा अर्धं मराठी, अर्धं टीव्हीवरचं इंग्लिश. "मम्मी, डॉगी भुंकिंग." मला तर बाई इतकं हसू यायचं! पण मुलांचे डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, दोन भाषांमुळे हिचा गोंधळ होतोय, एकच ठेवा, आणि शाळा इथलीच आहे तेव्हा कुठली ठेवायची ते तुम्हीच ठरवा. त्या काळी बऱ्याच जणांना हेच सांगितलं जायचं आणि आपली माणसं निमूट ऐकायची. गळ्यात स्टेथोस्कोप असलेल्या माणसानं सांगितलं म्हणजे विषय संपला. आम्ही तर डॉक्टरांच्याही दोन पावलं पुढे गेलो. ते म्हणाले होते, मुलीशी इंग्लिश बोला. नवऱ्यानं ठरवलं, तिच्या कानावर मराठी पडताच कामा नये.

आता माझं इंग्लिश म्हणजे थोडं सोलापूरच्या मराठी शाळेतलं आणि बाकी सुपरमार्केटमधलं. दूध कुठाय, पिशवी द्या, थँक्यू. तेवढ्या भांडवलावर मी पोरीला वाढवायला लागले. कम. ईट. डोन्ट टच. गुड गर्ल. रात्री "स्लीप नाउ" म्हणायचं आणि दिवा मालवायचा. माझ्या पोटच्या पोरीशी मी दुकानातल्या बाईसारखी बोलत होते. लाडानं 'कार्टे' म्हणता येईना, चिडून 'थांब, बघतेच तुझ्याकडे' म्हणता येईना. राग आला की तोंड उघडायचं, आणि इंग्लिश सापडेपर्यंत राग निघून जायचा. नवरा म्हणाला, "बघ, फायदाच झाला ना!" त्याला जे उत्तर द्यावंसं वाटलं ते मराठीत होतं, म्हणून दिलं नाही.

मराठी आम्ही बेसमेंटमध्ये बोलायचो.

आमचं घर म्हणजे एका मोठ्या जुन्या घराचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्यात एक तुर्की इंजिनियर आणि त्याची म्हातारी आई. खालचं बेसमेंट दोघांत एक. तिथं कपडे धुवायचं मशीन होतं आणि घर तापवायची भट्टी होती, चांगली कपाटाएवढी. तिच्यातून पत्र्याचे चौकोनी नळ निघून भिंतींच्या आतून दोन्ही घरांच्या खोल्याखोल्यांत गेलेले, आणि प्रत्येक खोलीत जमिनीला एक लोखंडी जाळी. ऑक्टोबर लागला की त्या जाळ्यांतून गरम हवा यायची. त्याआधी पत्रा कटकट वाजायचा, मग खालून कुणीतरी लांब उसासा सोडल्यासारखा आवाज. पहिल्या हिवाळ्यात मी दर वेळी दचकायची. भर दुपारी, बाहेर सगळं पांढरं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि पायाखाली कुणीतरी उसासे टाकतंय. मग सवय झाली. शेजारची म्हातारी खोकली की आमच्या जाळीतून ऐकू यायचं, त्याचीही सवय झाली.

तर खाली जाऊन मशीन सुरू करायचं आणि त्या घरघरीत काय बोलायचं ते बोलून घ्यायचं. घरची पत्रं वाचायची खाली, भांडायचं खाली, रडायचं खाली. शनिवारी कपड्यांची टोपली घेऊन दोघं मिळून उतरायचो. शेजाऱ्यांना वाटत असेल, काय प्रेमळ जोडपं!

एकदा धाकट्या बहिणीच्या लग्नाचे फोटो आले. आम्ही गेलो नव्हतो. नवऱ्याला सुट्टी नव्हती. फोटोत माझी आई जरा बाजूला उभी होती आणि तिच्याशेजारी एका माणसाची जागा रिकामी दिसत होती. मुद्दाम सोडलेली नसेल, पण मला ती दिसली. मी टोपली उचलली, खाली गेले, नवरा मागोमाग आला. मी जी सुटले ती सुटलेच. म्हटलं, "मला नाही राहायचं इथं. ही पोरगी मला माझी वाटतच नाही आता. हिला ठेवा तुम्ही, शिकवा तुमचं इंग्लिश. मी जाते सोलापूरला." नवरा अगदी हळू म्हणाला, "परत सांग." मी परत सांगितलं. शब्दन् शब्द तेच. वर आल्यावर हात धुतले आणि पोरीला म्हणाले, "कम. ईट."

दोन दिवसांनी माझा राग उतरला आणि मी ते विसरून गेले. अशी किती भांडणं होतात. मी कुठं जाणार होते? पासपोर्ट कुठं ठेवलाय तेसुद्धा मला माहीत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात मुलगी बोलायची बंद झाली. एकदम नाही. आधी मराठी गेलं, ते जाणारच होतं. मग इंग्लिशही कमी कमी होत गेलं. भाषा दोन नकोत म्हणून एवढा खटाटोप केला, तर हातात एकही राहिली नाही. आता बोला! विचारलं तर मान हलवायची, नाहीतर बघत राहायची. तिच्या खोलीत गेलं की ती जाळीपाशी मांडी घालून बसलेली दिसे, मान एका बाजूला कललेली, केस गरम हवेनं हलतायत. मला वाटायचं, ऊब हवी असेल.

मी त्या वेळी गाडी शिकत होते. आठवड्यातून दोनदा दुपारी शिकवणारा यायचा, आणि तेवढा वेळ मुलीला शेजारच्या म्हातारीकडे सोडायचं ठरलं. म्हातारी सत्तरीची असेल. डोक्याला रुमाल, हनुवटीखाली गाठ, हातात कायम विणकाम. तिचं इंग्लिश हुबेहूब माझं. कम, ईट, गुड. आम्हा दोघींचं मिळून एका बाईला पुरलं नसतं. मुलगी तिला 'नेने' म्हणायची. मला वाटलं, नाव असेल.

पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती हनुवटीची. मी विचारलं, दूध हवं? तर पोरीनं मान नाही हलवली. भुवया वर केल्या, हनुवटी वर उचलली आणि जिभेनं 'च्क' केलं. म्हणजे नको. हे कुठून आलं? आमच्याकडे असं कुणी करत नाही. टीव्हीवर करत नाहीत. तो हावभाव चार वर्षांच्या मुलीचाच नव्हता मुळी. एखाद्या जुन्या, दमलेल्या बाईचा होता.

मग एक दिवस मी चादरी घेऊन तिच्या खोलीत शिरत होते आणि दारातच थांबले. आत कुणीतरी बोलत होतं. एकटं, सलग, समजावल्यासारखं. मी डोकावले. माझी मुलगी, जिनं तीन आठवड्यांत मला चार शब्द ऐकवले नव्हते, ती बाहुलीला मांडीवर घेऊन घडाघडा बोलत होती. इंग्लिश नव्हतं. मराठी नव्हतं. हिंदी नव्हतं. आवाज तिचा, पण चढउतार भलतेच, मधूनच उसासा, मधूनच जिभेचं 'च्क'. मला एक शब्द कळेना. माझी चाहूल लागली तशी ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. पाहुण्या बाईकडे पाहावं तसं. मी चादरी तिथंच ठेवल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, "मुलं काहीही बरळतात. तू आता लागिर वगैरे काढू नकोस." मी तो शब्द काढला नव्हता. त्यानं काढला. मग मात्र माझ्या डोक्यातून तो जाईना.

आणि मग पायरीवरचा बर्फ.

आमच्या दाराबाहेर सिमेंटच्या तीन पायऱ्या होत्या. नवरा त्यांवरचा बर्फ रोज खरवडून मीठ टाकायचा, त्या बाबतीत शिस्तीचा माणूस. तरी वरच्या पायरीवर, दाराच्या अगदी समोर, बर्फाचा एक पातळ पापुद्रा दिसायला लागला. काचेसारखा गुळगुळीत. बर्फ पडलेला नसला तरी दिसायचा. वर पाहिलं तर छतातून गळत नव्हतं. घरमालकानंही येऊन पाहिलं, खांदे उडवले आणि गेला. दोनदा मी घसरता घसरता वाचले. काही दिवसांनी माझ्या एक लक्षात आलं, आणि ते लक्षात आलं नसतं तर बरं झालं असतं. तो पापुद्रा मी बाहेर जाऊन आले त्याच दिवशी असायचा. मी घरात असले की पायरी कोरडी.

एका शनिवारी मी दुकानात निघाले. नवरा मुलीजवळ घरात होता. कोपऱ्यापर्यंत गेले आणि आठवलं, यादी टेबलावरच राहिली. मागे वळले. आमचं दार उघडं होतं. दारात मुलगी, घरातल्या फ्रॉकवर, अनवाणी, त्या थंडीत. हातात तिचा प्लॅस्टिकचा पेला. तिनं पेला तिरका केला आणि पायरीवर, मी जिथं पाऊल टाकून गेले होते तिथं, सगळं पाणी ओतलं. सावकाश. थेंब झटकला. आणि दार लावून घेतलं.

मी रस्त्यात उभीच राहिले.

आमच्याकडे माणूस बाहेर पडल्यावर त्याच्यामागे लगेच केर काढत नाहीत, दारात पाणी टाकत नाहीत. ते कधी करतात ते न सांगता प्रत्येकाला माहीत असतं. माझे आजोबा गेले, त्यांना घरातून नेलं, आणि माणसं गल्लीच्या टोकाला पोचली नसतील तोच आत्यानं बादल्या ओतून सगळी जमीन धुवून काढली. पाणी दारातून वाहत पायरीवर आलं होतं. मी सात वर्षांची होते. त्या ओल्या पायरीचा रंगसुद्धा मला आठवतो. आणि आता माझी चार वर्षांची लेक, जिला हे कुणी दाखवलेलं नाही, जिच्या कानावर आम्ही या विषयाचा शब्द पडू दिलेला नाही, ती मी निघाले की माझ्यामागे उंबरा धुवत होती.

मी नवऱ्याला पुढे घालून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन या. तो गेला. मुलीनं ढुंकून पाहिलं नाही. तासाभरानं मी गेले आणि झाडाआड थांबले. दार उघडलं. पेला. पाणी. म्हणजे फक्त माझ्यामागे. मला रडू यायला लागलं. एवढी नकोशी झाले मी हिला? असं काय केलं मी हिचं?

सोमवारी नवरा कामावर गेल्यावर मी दृष्ट काढली. हसायचं असेल त्यानं हसावं. मूठभर मीठ, मोहऱ्या, सात लाल मिरच्या. मुलीला स्टुलावर बसवलं, मूठ तिच्यावरून ओवाळली. म्हणायचे शब्द तोंडावर आले आणि समोर फ्रिजवरचा तो कागद! मी इतकी मूर्ख, की आल्यागेल्याची, भुताखेताची सगळी मनातल्या मनात म्हटली. चूल नव्हतीच, म्हणून विजेच्या शेगडीवर तवा तापवून त्यात मूठ टाकली. आणि छताला लावलेला धुराचा भोंगा कोकलायला लागला. मी खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालतेय, पोरगी कानावर हात ठेवून बसलीय, खोकून खोकून डोळ्यांत पाणी, आणि मागच्या दारातून शेजारची म्हातारी ओला पंचा घेऊन धावत आत आली.

तिनं तवा बघितला. हुंगून पाहिलं. आणि खुदकन हसली. मग स्वतःची मूठ वळून तिनं मुलीच्या डोक्यावरून तीनदा हवेत फिरवली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली, म्हणजे हेच ना? मला कळलं, तुझं काय चाललंय ते. तिनं मुलीला काहीतरी विचारलं. आणि मुलीनं उत्तर दिलं. त्याच भाषेत. बाहुलीशी बोलत होती त्या.

म्हणजे भूत वगैरे काही नव्हतं, तुर्की होतं! आठवड्यातल्या दोन दुपारी पोरगी भाषा घेऊन आली होती. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. काढायचं जिला कळतं तिला लावायचंही कळत असणार, असं मनात आलं. या बाईनं माझ्या मुलीची जीभ घेतली, हनुवटी घेतली, आता उंबराही धुवायला लावला. म्हातारी गेल्यावर बघते तर मुलीच्या फ्रॉकला आतून एक निळा मणी टाचलेला. कधी टाचला कोण जाणे.

पुढचा शनिवार. मी मुद्दाम निघाले, दहा पावलांवर वळले. पायरीवर मुलगी, हातात रिकामा पेला, आणि शेजारच्या खिडकीत म्हातारी. ती मुलीकडे बघून मान डोलावत होती. शाबास म्हणावं तशी.

माझं टाळकंच फिरलं. मी मुलीला उचललं, ओल्या पायरीवरून घसरत तशीच शेजारी गेले आणि दार बडवलं. तिचा मुलगा घरात होता, त्यानंच उघडलं. सभ्य माणूस, इंग्लिश चांगलं. माझ्या तोंडून मात्र इंग्लिश निघेना. मी पेला दाखवत होते, पायरी दाखवत होते. "व्हाय वॉटर? मी डेड? व्हाय?" एवढंच काय ते जमलं. तो बिचारा गोंधळून आईकडे पाहायला लागला.

म्हातारीला समजायला वेळ लागला. समजल्यावर तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. मग ती बोलायला लागली आणि मुलगा एकेक वाक्य इंग्लिशमध्ये सांगायला लागला.

ती म्हणाली, तसं नाही, अगदी उलट. आमच्याकडे जाणाऱ्या माणसामागे पाणी ओततात. पाण्यासारखा सरळ जा आणि पाण्यासारखा परत ये, म्हणून. फ्रॉकचा निळा मणीही तसाच, पोरीला दृष्ट लागू नये म्हणून. ती इस्तंबूलची. घर पाण्याच्या या काठाला, आशियात. वडिलांचं जोड्यांचं दुकान त्या काठाला, युरोपात. वडील रोज सकाळी डबा घेऊन बोटीनं युरोपात जायचे आणि संध्याकाळी जेवायला आशियात यायचे. वीस मिनिटांची बोट. तरी तिची आजी रोज, एकही दिवस न चुकता, त्यांच्यामागे वाटीभर पाणी ओतायची. शेजारणी हसायच्या, की अगं, तो दुकानात चाललाय. आजी म्हणायची, दुसऱ्या खंडात चाललाय.

"मग तुम्ही लोक कुठले?" मी विचारलं. वेळ काय आणि मी विचारतेय काय! पण तोंडातून निघून गेलं.

मुलानं आईला विचारलं. ती भुवया उडवून हसली. म्हणाली, सकाळी विचारलंस तर तिकडचे, संध्याकाळी विचारलंस तर इकडचे. हा माझा मुलगा अमेरिकेला निघाला तेव्हा मी अख्खी बादली ओतली. हा काही परत आला नाही. मग मीच आले.

मला तिचा फार हेवा वाटला. तिच्या बापानं रोज दोनदा खंड ओलांडला आणि त्याचं काही सांडलं नाही. मी एकदाच ओलांडला होता, आणि माझ्याच घरात मुकी झाले होते.

पण माझा प्रश्न होता तिथंच होता. मी म्हटलं, मग माझ्याच मागे का? हिच्या वडिलांच्या मागे का नाही?

म्हातारीनं खाली वाकून मुलीला विचारलं. मुलगी तिच्या झग्याला बिलगून हळूहळू बोलली, बरंच बोलली. म्हातारीचा चेहरा उतरला. मुलगा जमिनीकडे बघायला लागला. मी म्हटलं, सांगा. तो म्हणाला, लहान मूल आहे, काहीतरी बोलतंय. मी म्हटलं, सांगा!

"ती म्हणते," तो म्हणाला, "बाबा जाणार नाहीत. आई जाणार आहे. तिच्या देशात. मला इथं ठेवून. म्हणून मी नेनेची, म्हणजे आजीची, भाषा शिकले. आई गेली की मी इथं राहीन. पण पाणी दर वेळी ओतते."

मी मुलीपुढे गुडघे टेकले. "हू टोल्ड? हू टोल्ड यू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि ती बोलली. मराठीत. चार वर्षांच्या तोंडातून माझा आवाज आला, सोलापूरचा, माझ्याच हेलात, मध्ये नाक ओढलेलंसुद्धा तसंच.

"ही पोरगी मला माझी वाटतच नाही आता. हिला ठेवा तुम्ही. मी जाते सोलापूरला."

मला तिथं कुणीतरी थोबाडीत मारायला हवी होती. कुणी मारली नाही. म्हातारीला शब्द कळले नव्हते, पण तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि त्याच वेळी तिच्या पायाशी जाळीत पत्रा कटकट वाजला आणि खालून तो लांब उसासा आला. मी त्या जाळीकडे बघत राहिले. मशीनच्या घरघरीत लपवलेलं आमचं सगळं मराठी, प्रत्येक भांडण, प्रत्येक हुंदका, त्या पत्र्यातून थेट तिच्या खोलीत जात होतं. समोर आम्ही तिच्याशी दुकानातलं बोलायचो. खरं सगळं तिला खालून ऐकू यायचं.

घरी आले. नवरा टीव्हीपुढून उठून म्हणाला, "व्हॉट हॅपन्ड?" मी फ्रिजवरचा कागद ओढून काढला, चुरगाळला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं टीव्ही बंद केला. माझा चेहराच तसा असणार.

मुलीला तिच्या खोलीत नेलं, जवळ घेतलं. म्हटलं, "मॉमी नो गो. प्रॉमिस." तिनं हनुवटी वर केली. च्क. मग मराठीत म्हटलं. किती महिन्यांनी तिच्याशी बोलत होते, जीभ अडखळली. "मी नाही गं जाणार. खोटं होतं ते. रागात बोलले मी." ती ऐकत होती, पण माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. ती जाळीकडे बघत होती. समोर बसून बोललेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नसतो, एवढं ती आमच्याकडून शिकली होती.

मी उठले. बेसमेंटचा जिना उतरून खाली गेले. मशीन बंद होतं, भट्टीही नुकतीच थांबलेली. इतकी शांतता मी तिथं कधी ऐकली नव्हती. तिच्या खोलीकडे जाणारा पत्र्याचा नळ कुठला ते मला माहीत नव्हतं. म्हणून सगळे जिथून फुटतात तिथं, भट्टीच्या डोक्याशी तोंड नेलं. पत्रा अजून गरम होता.

"मी जाणार नाही," मी म्हटलं. "तू माझीच आहेस. मी तुला सोडून कुठंही जाणार नाही."

नळातून, लांबून, तिचा आवाज आला. अगदी हळू, बापाच्या सुरात.

"परत सांग."

मी परत सांगितलं. शब्दन् शब्द तेच.

"परत सांग."

मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना मला शब्द पुरे करता येईनात, पण केले. नंतर वर पावलं वाजली, पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज झाला, परत पावलं. मी वाट बघत उभी राहिले. आणि मग पत्र्याच्या आतून काहीतरी घरंगळत आल्यासारखं झालं, माझ्या डोक्यावरच्या सांध्यातून एक थेंब पडला, मग दुसरा, मग बारीक धार लागली, भट्टीच्या कडेला चुरचुरली आणि माझ्या पायाशी जमिनीवर पसरली.

मी जिना चढून वर गेले.